पुढील भागाच्या प्रतीक्षेत

मराठीत आज जेवढी कथा लिहिली जाते, तिचा मोठा हिस्सा कधीच छापला जाणार नाही. ती मोबाइलवर लिहिली जाते, मोबाइलवर वाचली जाते आणि आठवड्याभरात नव्या कथांच्या रेट्याखाली दिसेनाशी होते. लिहिणाऱ्यांत तालुक्याच्या गावातली शिक्षिका असते, बँकेच्या काउंटरवर बसणारा कर्मचारी असतो, रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका असते, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा असतो आणि न्यू जर्सीत अर्धं आयुष्य काढलेली आजीही असते. यांतल्या बहुतेकांनी कुठल्याही मासिकाच्या संपादकाला कधी पत्र लिहिलेलं नाही. तरी त्यांना वाचक आहेत. काहींना तर इतके आहेत, की छापील कथासंग्रहाच्या लेखकाला हेवा वाटावा.

साठोत्तरी, नव्वदोत्तरी अशा कप्प्यांत कथा मांडणाऱ्या मराठी समीक्षेने मात्र या लेखनाकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे. कथेच्या वार्षिक आढाव्यात दिवाळी अंक येतात, नवे संग्रह येतात. संकेतस्थळांवरच्या आणि ॲपवरच्या कथेला फार तर एक ओळ मिळते. हे दुर्लक्ष दोन्ही बाजूंना महागात पडतं आहे. समीक्षेच्या हातून आजच्या वाचकाची आवड निसटते आहे. आणि लिहिणाऱ्यांना, ज्यांच्याकडे हौस आहे, चिकाटी आहे, पुष्कळदा उपजत गोष्टीवेल्हाळपणाही आहे, त्यांना ‘हे इथे फसलंय’ असं सांगणारं कुणी उरलेलं नाही.

या लेखनाची सुरुवात मोबाइलच्या खूप आधीची आहे. १९९६च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू केली. संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटवणं हेच तेव्हा एक काम होतं. फाँट जुळला नाही तर नुसते चौकोन दिसत, आणि पुष्कळजण कंटाळून रोमन लिपीतच मराठी लिहीत. मायबोलीच्या ‘हितगुज’वर गप्पा रंगत आणि ‘गुलमोहर’ या विभागात कथा, कविता, ललित येई. परदेशातल्या मराठी माणसाला त्याआधी लिहायला जागाच नव्हती असं नाही. उत्तर अमेरिकेत ‘एकता’ त्रैमासिक निघत होतं, महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिका होत्या. पण तिथे दिलेली कथा कुणी वाचली का, हे कळायला महिने जात. मायबोलीवर ते त्याच रात्री कळे, आणि पुण्यातून, दुबईतून, सिडनीतून एकदम कळे.

२००४ साली ‘मनोगत’ आलं. शुद्ध मराठीचा आग्रह आणि सोबत शुद्धिचिकित्सक, ही त्याची ओळख. २००७ साली तात्या अभ्यंकरांनी ‘मिसळपाव’ काढलं. तिथलं वातावरण जास्त मोकळं, गप्पिष्ट, कधी कधी भांडखोर. २०११ साली ‘ऐसी अक्षरे’ आलं आणि ज्यांना जरा वेगळं, प्रयोगाचं, वादाचं लिहायचं होतं ते तिकडे सरकले. वाचक या सगळ्या जागांना माबो, मिपा, ऐसी अशा लाडक्या नावांनीच ओळखतात.

या काळाबद्दल नीट बोललं पाहिजे, कारण मराठी कथालेखनाची एक खरीखुरी कार्यशाळा त्या दहा-बारा वर्षांत चालली, आणि तिची नोंद कुठल्याही वाङ्मयेतिहासात नाही. कथा टाकली की तिचा धागा होई. खाली आधी ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा आणि ‘पुभाप्र’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, असे प्रतिसाद येत. मग खरी वाचणारी माणसं येत. कथेतला डॉक्टर भलतंच औषध देतो आहे, हे एखादा डॉक्टर दाखवून देई. अमुक गाडीला तमुक स्टेशनात थांबाच नाही, असं रेल्वेतला कुणी सांगे. निवेदक खोलीबाहेर उभा असताना आतलं बोलणं त्याला कळलं कसं, असा प्रश्न एखादी वाचक विचारी. कोल्हापूरच्या पात्राच्या तोंडी नागपूरचं क्रियापद आलं की कोल्हापूरकर आणि नागपूरकर दोघंही धावून येत. लेखक आधी चिडे, मग समजावे, मग पुष्कळदा गुपचूप तो परिच्छेद बदलून टाके.

कंपूबाजी होतीच. आपल्या कंपूतल्याची सामान्य कथा डोक्यावर घेतली जाई आणि नवख्याच्या पहिल्या प्रयत्नाची अशी चिरफाड होई, की तो आयडी पुन्हा कधी दिसत नसे. हा दोष लहान नव्हता. पण कथेतल्या प्रत्येक वाक्यावर कुणीतरी बोट ठेवू शकतं, ही जाणीव लिहिणाऱ्याला होती, आणि तिचा लिखाणाला उपयोग झाला.

दोन गोष्टी तर तिथे फारच चांगल्या घडल्या. एक म्हणजे दीर्घ कादंबरी वाचकांच्या डोळ्यांदेखत लिहिली जाऊ लागली. ‘बेफिकीर’ या नावाने लिहिणाऱ्या लेखकाची ‘हाफ राईस दाल मारके’ ही ढाब्यावरच्या जगातली कादंबरी मायबोलीवर भागाभागाने आली. वाचक रोज येऊन बसत, पात्रांवरून वाद घालत, लेखकाला सुचवण्या करत. त्या लेखनात घाई आहे, पाल्हाळ आहे, भावनेचा अतिरेक आहे; पण ढाब्यावरची माणसं, त्यांचा घाम आणि त्यांची भाषा यांबद्दलचं कुतूहलही आहे, आणि ते त्या काळच्या मध्यमवर्गीय छापील कथेत सहजी सापडत नव्हतं. दुसरी गोष्ट बोलींची. २०१६च्या मराठी भाषा दिनाच्या निमित्ताने मिसळपाववर वेगवेगळ्या बोलींतल्या लेखनाची मालिका आली. अहिराणी, आगरी अशा बोलींत लोक उत्साहाने लिहिते झाले. ज्यांनी शाळेत बोलीमुळे बोलणी खाल्ली होती, त्यांना वाचक त्याच बोलीत आणखी लिहा म्हणून सांगत होते. बोली संवादापुरती ठेवायची आणि निवेदन प्रमाण मराठीत करायचं, ही छापील कथेत बराच काळ चाललेली वहिवाट या लेखकांनी कुठलाही जाहीरनामा न काढता मोडली.

टोपणनावाचा विचारही इथेच करायला हवा. या जागांवर माणसं आयडीने वावरतात, म्हणून त्यांचं लेखन गांभीर्याने घेऊ नये, असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांनी १९३३ साल आठवावं. ‘कळ्यांचे निःश्वास’ त्या वर्षी आलं आणि विभावरी शिरूरकर ही बाई कोण, यावरून महाराष्ट्रात वादळ उठलं. मालती बेडेकरांना त्या नावाचा आडोसा नसता तर त्या कथा तशा लिहिता आल्या असत्या का, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. एकीला समाजाच्या नजरेपासून सुटका हवी होती, दुसऱ्याला स्वतःच्या कीर्तीपासून. आज सासरच्या माणसांना कळू नये म्हणून आयडीने लिहिणारी सून आणि साहेबाला कळू नये म्हणून लिहिणारा कारकून त्याच परंपरेतले आहेत. टोपणनावाने कथा हलकी होत नाही. उलट ज्या घरांतून आजवर काही लिहून आलं नाही, तिथलं बोलणं त्या आडोशाने बाहेर येतं.

विखुरलेल्या या लेखनातून निवड करण्याचे प्रयत्नही झाले. ‘रेषेवरची अक्षरे’ हा २००८च्या दिवाळीपासून निघालेला ऑनलाइन अंक मराठी ब्लॉगांवरचं चांगलं लेखन निवडून, नेटकं मांडून वाचकांपुढे ठेवत असे. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे यांचे स्वतःचे दिवाळी अंक निघू लागले, त्यांना संपादक मंडळं मिळाली, मुद्रितशोधन झालं, मुखपृष्ठं झाली. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाला ‘दिवाळीला काय देताय?’ हा प्रश्न कामाला लावत आला आहे. पगार नाही, मानधन नाही, तरी ऑक्टोबरात रात्र रात्र जागून अंक लावणाऱ्या या स्वयंसेवकांनी तो प्रश्न पडद्यावर जिवंत ठेवला. त्यांचे अंक चाळले तर एक फरक लगेच जाणवतो. एरवी धाग्यावर पसरट लिहिणारा लेखक अंकासाठी आवरून लिहितो. कुणीतरी निवडणार आहे, परतही पाठवू शकतं, एवढ्या जाणिवेने कथेची कंबर ताठ होते.

मग ॲप आलं. प्रतिलिपी ही कंपनी २०१४ साली बेंगळुरूत सुरू झाली आणि भारतीय भाषांतल्या कथांचं तिचं व्यासपीठ मराठीतही पसरलं. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, फोनवर बोटाने मराठी लिहिणं सोपं झालं. संकेतस्थळांच्या काळात लिहायला संगणक लागे, म्हणजे बहुधा कचेरी लागे किंवा बऱ्यापैकी सुस्थितीतलं घर लागे. आता ओट्याशी उभं राहून, एसटीत बसून, दवाखान्याच्या रांगेत कथा लिहिता येऊ लागली. साहित्याच्या जगात ज्यांची वर्णी कधीच लागली नव्हती अशा बायका मोठ्या संख्येने लिहू लागल्या. मराठी कथेच्या अलीकडच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे, असं म्हणायला हरकत नाही. निवाडा करताना ती विसरून चालणार नाही.

निवाडा मात्र केलाच पाहिजे.

ॲपवरची प्रमुख कथा म्हणजे प्रेमकथेची मालिका. तिचे भाग पन्नास, शंभर, कधी त्याहूनही जास्त होतात. नायक बहुधा श्रीमंत, उद्धट, कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा मालक; नायिका गरीब किंवा कर्जाच्या ओझ्याखालच्या घरातली. लग्न करारावर होतं किंवा जबरदस्तीने होतं. तो तिला छळतो, मग पस्तावतो, मग तिच्यासाठी जगाशी लढतो. गाव कुठलं, कंपनी कसला धंदा करते, मुलीचं शिक्षण काय, घरभाडं कोण भरतं, यांतलं काहीही कळत नाही. पात्रांची आडनावं मराठी असतात, पण घरं, गाड्या, पार्ट्या आणि रागसुद्धा हिंदी मालिकेतून उचललेला असतो. एका भागात फार तर एक प्रसंग घडतो, आणि तो नेमका दार उघडताना, फोन वाजताना किंवा हात धरला जाताना तुटतो. खाली ‘क्रमशः’ येतं.

भागाभागाने येणं हा काही दोष नव्हे. मराठी कादंबरी वाढलीच तशी. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच वाचकांपर्यंत हप्त्याहप्त्याने गेली. या कादंबरीतल्या यमूची गोष्ट वाचणाऱ्या घरांना पुढच्या अंकाची ओढ होतीच. पण हरिभाऊंच्या हप्त्यातली ओढ यमूच्या आयुष्यातून येते. वाडा, स्वयंपाकघर, केशवपनाची भीती, शिकण्याची चोरटी आस हे सगळं प्रत्येक हप्त्यात भरीव असतं. भाग संपतो तेव्हा वाचकाला काहीतरी नवं कळलेलं असतं. ॲपवरच्या मालिकेत भाग संपतो तेव्हा पुष्कळदा काहीच कळलेलं नसतं, फक्त काहीतरी लपवलेलं असतं. पुढचे काही भाग पैसे भरून आधी उघडता येतात, वाट पाहणाऱ्याला ते मागाहून मिळतात, अशी जिथे सोय आहे, तिथे लपवण्यालाच भाव येणार. लेखिकेला दोष देण्याआधी ही रचना पाहिली पाहिजे. रोज भाग टाका, वाचक टिकवा, चाहते वाढवा, मग चार पैसे हाती येतील, असं तिला सांगितलं जातं. ज्या घरात तिच्या हातात स्वतःचे असे पैसे कधीच आले नव्हते तिथे ही रक्कम लहान असली तरी तिचं मोल मोठं असतं. म्हणून ती रोज लिहिते. रोज लिहिणाऱ्याला थांबून पुन्हा वाचायला वेळ मिळत नाही, आणि कथेचं नुकसान तिथेच होतं.

छळणारा नवरा हाच शेवटी प्रेमळ नायक ठरतो, या साच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. विभावरी शिरूरकरांनी नव्वद वर्षांपूर्वी बाईच्या मनाचं जे दार उघडलं, ते या कथा पुन्हा लोटून घेतात. तो मारतो कारण त्याचं प्रेम आहे, हे वाक्य मालिकांत इतक्या रूपांनी येतं की ते वाचणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीची काळजी वाटते. याच जागेवर याच्या उलट लिहिणाऱ्याही आहेत. नोकरी सोडायला लावलेली बाई, मूल न होण्याचे टोमणे, म्हाताऱ्या आईला कुणी ठेवायचं यावरून भावंडांत पडलेली फूट, विधवा सुनेच्या दुसऱ्या लग्नासाठी उभी राहिलेली सासू, अशा एकेका भागात संपणाऱ्या कौटुंबिक कथा तिथे खूप आहेत. त्यांत भाषा साधी असते, रचना कच्ची असते, शेवट बहुधा गोड केलेला असतो. पण तपशील अस्सल असतो. डब्यातली शेवटची पोळी कुणाला मिळते, माहेरी जाताना पिशवीत काय भरायचं आणि काय लपवायचं, हे या लेखिकांना माहीत आहे आणि त्या ते नेमकं लिहितात. कुणी शेजारी बसून एवढंच सांगितलं, की शेवटचा समजुतीचा परिच्छेद काढून टाका, तर यांतल्या कितीतरी कथा कुठल्याही चांगल्या दिवाळी अंकात शोभतील.

प्रेमकथेखालोखाल भयकथेची चलती आहे. कोकणातलं बंद घर, घाटातला वळणाचा रस्ता, अमावास्या, पांढऱ्या साडीतली बाई हे साहित्य तेच आहे. या लेखकांपैकी बहुतेकजण नारायण धारपांना गुरू मानतात, आणि ते मानणं प्रामाणिक आहे. पण धारपांकडून जे घ्यायला हवं ते क्वचितच घेतलं जातं. धारप आधी एक संपूर्ण साधं घर उभं करतात, त्यातल्या माणसांच्या सवयी सांगतात, आणि मग त्यातली एकच गोष्ट जरा जागची हलवतात. भीती त्या हलण्यातून येते. ऑनलाइन भयकथेत पहिल्याच परिच्छेदात किंकाळी ऐकू येते. किंकाळी लवकर आली की पुढे तिच्याहून मोठी किंकाळी लागते, आणि मग रक्तच रक्त. या प्रकारात हात चांगला बसलेले लेखक संकेतस्थळांवर जास्त सापडतात, कारण तिथे घाबरलो नाही असं तोंडावर सांगणारे वाचक होते.

सर्वांत छोटा प्रकार म्हणजे शतशब्दकथा, लाडाने ‘शशक’. बरोबर शंभर शब्दांत कथा. मिसळपाव आणि मायबोलीवर तिच्या स्पर्धा झाल्या, गणेशोत्सवात सुरुवातीचं वाक्य देऊन शशक लिहायला लावण्याचा खेळ रंगला. तिच्याहून छोटी ‘अलक’ म्हणजे अतिलघुकथा व्हॉट्सॲपवर फिरते. शब्द मोजून लिहायचं म्हटल्यावर विशेषणं गळतात, ‘अचानक’ आणि ‘एकदम’ गळतात, आणि ज्याने पाच हजार शब्दांखाली कधी लिहिलं नाही त्याला वाक्याचं वजन कळतं. नव्या लेखकासाठी याहून चांगला सराव नाही. रोग एकच आहे, शेवटच्या ओळीतला धक्का. ज्याला आपण नवरा समजत होतो तो भूत निघतो, जी मुलगी वाटली ती बाहुली निघते. धक्का एकदा बसतो. दुसऱ्यांदा वाचावी अशी शशक दुर्मीळ आहे. जिच्यात धक्का नसून एका क्षणाचं ओझं आहे, ती मात्र मनात राहते, आणि तशाही लिहिल्या गेल्या आहेत.

हे सगळं वाचताना बाबूराव अर्नाळकरांची आठवण होते. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने मराठी मुलांना वाचायला लावलं, आणि समीक्षेने त्यांना दारात उभं केलं नाही. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांमागे एक अख्खी वाचती पिढी उभी होती; त्या पिढीला काय हवं होतं हे वेळेवर कुणी तपासलं असतं, तर लोकप्रिय कथेकडे पाहण्याची एक दृष्टी मराठीला तेव्हाच मिळाली असती. तीच चूक आता दुसऱ्यांदा होते आहे.

ज्याची सर्वांत जास्त उणीव आहे तो संपादक. मराठी कथेचा विषय निघाला की ‘सत्यकथा’ आठवते, आणि श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ही नावं येतात. लेखकाला सविस्तर पत्रं लिहायची, कथा परत पाठवायची, पुन्हा लिहून घ्यायची आणि पुन्हा वाचायची, ही त्यांची रीत होती. तिच्यातून लेखक घडले. त्या रीतीला दुसरी बाजूही होती. दार अरुंद होतं, आणि आत काय यावं हे ठरवणाऱ्यांची अभिरुची एकाच थरातून आलेली होती, हा आक्षेप रास्त होता. १९६९ साली मुंबईत बंडखोर लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली ती त्याच रागातून. आज फोनवर कुणाच्याही परवानगीवाचून कथा प्रसिद्ध करता येते, तेव्हा त्या बंडखोरांची एक मागणी पुरी झालेली आहे. पण ते बंडखोर स्वतः संपादक होते, हे विसरलं जातं. अशोक शहाण्यांनी ‘असो’ हे अनियतकालिक काढलं, भालचंद्र नेमाड्यांनी ‘वाचा’ काढलं, राजा ढाल्यांनी ‘येरू’ काढलं. त्यांनी निवड करण्याचा अधिकार प्रस्थापितांकडून काढून आपल्याकडे घेतला. निवडच नको असं त्यांच्यापैकी कुणी म्हटलं नाही.

ॲपवर ती जागा पाच ताऱ्यांनी आणि ‘खूप छान, पुढचा भाग लवकर टाका’ या प्रतिसादाने घेतली आहे. हे कौतुक मनापासूनचं असतं, आणि पहिली कथा टाकून धडधडत्या छातीने बसलेल्या माणसाला ते हवंच असतं. पण दहाव्या कथेलाही तेवढंच मिळालं तर अकरावी सुधारणार कशी? एखाद्या वाचकाने चूक दाखवलीच तर चाहते त्याच्यावर तुटून पडतात, आणि पुढच्या वेळी तो गप्प बसतो. मिसळपाववरच्या भांडणांना कंटाळून गेलेल्यांनाही आता ती भांडणं हवीशी वाटतील.

संपादक परवडत नाही, हे कारण कंपन्यांच्या तोंडी शोभत नाही. प्रतिलिपीत २०२१ साली दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने मोठी गुंतवणूक केली. २०२२ साली ॲमेझॉनने ‘वेस्टलँड’ ही इंग्रजी प्रकाशन संस्था बंद करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या संपादकीय चमूला प्रतिलिपीनेच आपल्याकडे घेतलं. संपादकाची किंमत तिथे कळली, हे चांगलंच झालं. मग मराठीत रोज लिहिणाऱ्यांसाठी मराठी संपादकांची चार माणसांची तुकडी ठेवता येणार नाही, हे पटत नाही. महिन्याला दहा कथा निवडून, लेखकाशी बोलून, दोनदा लिहून घेऊन पुढे आणल्या तरी वर्षाअखेरीस सव्वाशेच्या घरात कथा होतात. त्यांतल्या वीस जरी टिकल्या, तरी एक भक्कम संग्रह उभा राहतो.

चोरीचा प्रश्न वेगळा आणि तातडीचा आहे. गाजलेली ऑनलाइन कथा आठवड्याभरात लेखकाच्या नावावाचून व्हॉट्सॲपवर फिरू लागते, किंवा कुणीतरी ती यूट्यूबवर स्वतःच्या आवाजात वाचून तिच्यावर जाहिराती लावतो. ‘नावासकट शेअर करा’ अशी विनंती कथेखाली लिहावी लागते यातच सगळं आलं. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याने मूळ लेखनावरचा हक्क लिहिताक्षणी लेखकाकडे येतो; त्यासाठी नोंदणीची अट नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. मोबाइलवर लिहिलेल्या कथेलाही तो लागू आहे. ही माहिती बहुतेक नव्या लेखकांना नसते. ती देणं साहित्य संस्थांना सहज जमण्यासारखं आहे. एका दिवसाचं शिबिर आणि दोन पानांचं पत्रक पुरेल.

दिवाळी अंकांच्या संपादकांनीही एक करावं. दरवर्षी त्याच वीस-पंचवीस नावांना पत्रं जातात. यंदा जूनमध्ये त्यांनी संकेतस्थळांवर आणि ॲपवर महिनाभर वाचावं, पाच अनोळखी आयडींना लिहावं, आणि आलेली कथा जशीच्या तशी न छापता तिच्यावर लेखकासोबत काम करावं. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी या लेखनावर प्रबंध लिहून घ्यावेत, आणि ते आत्ताच घ्यावेत, कारण जुनी संकेतस्थळं बंद पडली की त्यांवरच्या कथा कुठल्याही ग्रंथालयात सापडणार नाहीत.

आणि वाचकांनी, म्हणजे रोज रात्री या कथा वाचणाऱ्या हजारोंनी, पाच तारे जरूर द्यावेत. त्याखाली दोन ओळी जास्त लिहाव्यात, कथेतलं काय पटलं नाही आणि कुठे कंटाळा आला ते सांगणाऱ्या. कथा लिहिणाऱ्या बाईला ते एक दिवस आवडणार नाही. पण पुढची कथा लिहायला बसताना त्या दोन ओळी तिच्या उपयोगी पडतील.